बेल्मिरोची सुट्टी

रिबेरा सेका, साँ जॉर्ज बेट
२० जून १९८४

चि. बेल्मिरो यास,
अ. उ. आ.

आधी खाली बस आणि मग वाच. रविवारी चर्चसमोर पुढच्या वर्षीच्या मुकुटासाठी चिठ्ठ्या काढल्या आणि टोपीतून तुझं नाव निघालं. हो, तुझंच. बाबा गेल्यावर घरातल्या पुरुषाच्या, म्हणजे तुझ्या, नावाची चिठ्ठी आई दर वर्षी टाकायची. ती गेल्यावर मी टाकायला लागले. तुला कळवलं नाही, कारण आपल्या घराला आजवर कधी काही लागलंय का? बाबा जन्मभर चिठ्ठी टाकत राहिले आणि दर वर्षी दुसऱ्याच्या घरचा रस्सा जेवून आले. फादरनी नाव वाचलं तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. आपल्या चुलतभावाने, ग्वाल्तेरने, पाठीत धपाटा घातला तेव्हा कुठे भानावर आले.

तेव्हापासून पवित्र आत्म्याचा तो चांदीचा मुकुट आपल्या पुढच्या खोलीत आहे. आईच्या लग्नातला टेबलावरचा कपडा इस्त्री करून त्याच्याखाली घातलाय. पुढचा दिवा विझू द्यायचा नाही आणि मुकुट एकटा ठेवून घराला कुलूप लावायचं नाही. त्यामुळे मिमोझाची धार काढायला गोठ्यात जायचं तरी मी शेजारच्या कार्मोला आणून बसवते. ती बसते आणि माझी बिस्किटं संपवते.

आता तुझं काम. पुढच्या पेंटेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या सणाला, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, ज्याचं नाव निघालं त्याच्या डोक्यावर फादर चर्चमध्ये मुकुट ठेवणार. मग त्याच्या घराने सगळ्या गावाला पावावर ओतलेला रस्सा वाढायचा. रस्स्याचं मी बघेन, पण डोकं तुझंच लागेल. ग्वाल्तेर म्हणतो, बेल्मिरोला जमलं नाही तर त्याच्या जागी मी उभा राहतो. त्याची मिरवायची हौस तुला ठाऊकच आहे. मी त्याला सांगून टाकलं, की माझा भाऊ येणार आहे.

झुवेनालच्या कॅफेत तुझा तो चेंडूवर झेप घेतलेला फोटो अजून भिंतीवर आहे. धुराने इतका पिवळा पडलाय, की लहान पोरांना तो कुणीतरी संत वाटतो. आई गेली तेव्हा तुझे सामने होते. मी तेव्हा काही बोलले नाही आणि आताही बोलत नाही. पण या वेळी ये.

वेळेवर जेवत जा. माया किती आहे ते लिहून कळवायची गरज नसावी.

तुझी ताई,
देओलिंदा


न्यू बेडफर्ड
१२ जुलै १९८४

ती. देओलिंदाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसलो, की आमचा स्कॉटिश बचावपटू घाबरून बाहेर आला. त्याला सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून संघातले सगळे मला महाराज म्हणतात आणि बूट पुसायला पुढे करतात. महाराज असून बूट पुसायचे, म्हणजे आपल्या घराण्याला साजेसंच झालं.

इथे आमचं बरं चाललंय. प्रेक्षक थोडे कमी झालेत, एवढंच. पूर्वी आपले पोर्तुगीज लोक बायकापोरांसकट यायचे, सॉसेज भाजायचे, ढोल वाजवायचे. आता गिरण्या बंद पडताहेत, मग तिकीट कोण काढणार? फुटबॉल लीगमधले क्लबही एकेक करून गळताहेत. पण आमच्या ट्रॉलर्स क्लबचं नाव अजून मोठं आहे. सामन्याआधी कॉड माशाचा वेश घालून नाचणारा एक माणूस होता, त्याला मालकांनी काढून टाकलं. मला वाईट वाटलं. त्याला बघितलं की आपल्या लोकांना भूक लागायची आणि खाण्याच्या गाड्यांचा धंदा व्हायचा.

आणखी एक बातमी. इथल्या नियमाने मैदानावर काही खेळाडू या देशाचे असावेच लागतात. म्हणून मी वसंतात हात वर करून शपथ घेतली आणि अमेरिकन झालो. कोच खूश, कारण म्हातारा का होईना, त्याला एक अमेरिकन मिळाला. म्हणजे बघ, कागदावर मी अमेरिकेचा, गोलपोस्टात पोर्तुगालचा आणि तुझ्या टोपीत अजून रिबेरा सेकाचा.

पण ताई, पेंटेकॉस्टला कसा येणार? मेमध्ये तर आमचा हंगाम सुरू होतो. मालकांना काय सांगू, की टोपीतून माझं नाव निघालं, तेव्हा गोलमध्ये मासेवाल्याला उभा करा? क्लब आहे तोवर मला हलता येणार नाही. या वयात एकदा जागा सोडली की परत कुणी देत नाही. ग्वाल्तेरला उभा राहू दे. त्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठंच आहे.

घरमालकीण दोना इदालीना तुला नमस्कार सांगतात. रागावली असशील तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बेल्मिरो


रिबेरा सेका
३० ऑगस्ट १९८४

चि. बेल्मिरो यास,
अ. उ. आ.

रागावले होते. आता नाही. कार्मो म्हणते माझा राग दुधासारखा आहे, उतू गेला की खाली बसतो. अमेरिकन झालास त्याचं अभिनंदन करायचं की कसं, ते मात्र कळलं नाही. फादरना विचारलं, मुकुटाला चालेल का? ते म्हणाले, पवित्र आत्मा पासपोर्ट बघत नाही.

इथे उन्हाळा बरा गेला. चीज कारखान्यात दुधाची गाडी आता एक दिवस आड येते. दर गुरुवारी बायका आपल्याकडे जपमाळेची प्रार्थना करायला जमतात. खोली भरून जाते, खुर्च्या कमी पडतात, सगळ्या एकदम बोलतात आणि मग सगळ्या एकदम निघून जातात. मी कप विसळते आणि मुकुटासमोर बसते. आई गेल्यापासून घरात पहिल्यांदाच असं कुणीतरी आहे, ज्याच्यासाठी दिवा लावायचा. चांदीचा का असेना.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. ज्याच्या घरी मुकुट असतो त्याने वर्षभरात एक मागणं मागायचं असतं. मला काय मागायचंय ते सगळ्या गावाला माहीत आहे. पण तू लिहिलंस, क्लब आहे तोवर हलता येणार नाही. म्हणजे तू यावास म्हणून मागायचं तर तुझा क्लब बुडावा म्हणून मागितल्यासारखं होतं. तोंड उघडते आणि मिटते. गुरुवारी बायका विचारतात, मागितलंस का? मी म्हणते, अजून शब्द जुळवतेय.

तिथे फार एकटा पडत नाहीस ना? पूर्वी तुझ्या पत्रांत माणसांची नावं जास्त असायची.

लवकर लिही. इथून आशीर्वाद आहेतच, तिथे तब्येत तू सांभाळ.

तुझी ताई,
देओलिंदा


न्यू बेडफर्ड
२३ सप्टेंबर १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवटचा सामना झाला आणि आम्ही जिंकलो! तुझ्या भावाने जिंकून दिला, हे झुवेनालच्या कॅफेत मोठ्याने वाच. सामना बरोबरीत सुटला की इथे एक विचित्र प्रकार असतो. समोरचा खेळाडू लांबून एकटा चेंडू घेऊन धावत येतो आणि गोलमध्ये गोलकीपर एकटा. बाकी सगळे मध्यरेषेवर उभे राहून बघतात. मी पुढे धावत गेलो आणि शेवटच्याच्या पायातून चेंडू काढून घेतला. या गुडघ्यांनी! प्लॅस्टिकच्या गवताने कोपर सोललंय, पण त्याचं काही नाही.

वाईट एवढंच वाटलं, की उठून हात वर केले तर ओरडायला फारसं कुणी नव्हतं. प्रेक्षकांत एक म्हातारा टेर्सेरा बेटावरचा, त्याची शिट्टी तेवढी ऐकू आली. आपल्या संघातल्या पोरांनी मिठ्या मारल्या, फोटो काढले आणि दोन दिवसांत सगळे पांगले. स्कॉटिश गडी घरी गेला. युगोस्लाव्ह जोडगोळी शिकागोला गेली, तिथे कुणीतरी नातेवाईक आहे. जाताना त्यांनी आपली कढई मला दिली. त्यांच्या खोल्यांची दारं आता उघडीच असतात, आत फक्त गाद्या.

पण काळजीचं कारण नाही. टेक्सासचा कुणी एक पैसेवाला क्लब घेणार म्हणतात. वसंतात पुन्हा सगळे जमतील. कोचने मला सांगितलंय, वजन वाढवू नकोस.

तू मागणं खुशाल माग, शब्द कसेही जुळव. पण माझा क्लब बुडवू नकोस बाई. त्याच्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.

तुझा लोभ मला इथवर पोचतो, तो तसाच पोचू दे.

बेल्मिरो


रिबेरा सेका
१६ डिसेंबर १९८४

चि. बेल्मिरो यास,
अ. उ. आ.

नाताळच्या शुभेच्छा. तिकडे परत निघालेल्या ग्वाल्तेरच्या मेव्हण्याबरोबर चीजचा एक मोठा तुकडा आणि गोड पाव पाठवलाय. विमानतळावर काढून घेतलं नाही तर मिळेल. वास आला तर घाबरू नकोस, चांगल्या चीजला येतोच.

अखेर मागितलं. गुरुवारी बायका गेल्यावर मुकुटासमोर उभी राहिले आणि स्पष्ट बोलले, की माझ्या भावाचा क्लब राहू दे. एकदा नाही, रोज म्हणते. तुझ्या ताईचं मन तेवढं लहान नाही. पण म्हणून झालं की नजर तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे जाते हेही खरं, आणि ते तुझ्यापासून कशाला लपवू?

त्याच मेव्हण्याने कॅफेत सांगितलं, की तुमच्या क्लबच्या ऑफिसला कुलूप आहे, पाटीसुद्धा उतरवली. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, माझा भाऊ मला सगळं लिहितो, तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. बरोबर केलं ना मी?

सणासुदीला एकटा जेवू नकोस, दोना इदालीनांबरोबर बस. आणि एक ओळ तरी टाक, म्हणजे नाताळ इथेही झाल्यासारखा वाटेल.

तुझी ताई,
देओलिंदा


न्यू बेडफर्ड
२० जानेवारी १९८५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चीज पोचलं. पाव दगड झाला होता, सूपमध्ये बुडवून खाल्ला. त्या मेव्हण्याला झापलंस ते उत्तम केलंस. ऑफिस फक्त दुसरीकडे हलवलंय.

सराव जोरात चालू आहे. रोज सकाळी बॅग घेऊन निघतो, बर्फ असो नसो. नवी पोरं आली की त्यांना दाखवून देईन, म्हातारा कसा झेपावतो ते. घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहितोय. मे महिन्यात हंगाम आहे, तेव्हा माझ्या येण्याचा विषय काढू नकोस. तुझं मागणं मात्र चालू ठेव.

बाकी सर्व ठीक. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बेल्मिरो


न्यू बेडफर्ड
३० मार्च १९८५

श्रीमती देओलिंदाबाई यांना,
स. न. वि. वि.

आपली ओळख फक्त नमस्कारापुरती, तरी लिहायला बसले. तुमच्या भावाने मला शपथ घातली होती, पण मी शपथेला हो म्हटलं नव्हतं, नुसती मान हलवली होती. देव समजून घेईल.

बाई, क्लब गेल्या शरद ऋतूतच बंद झाला. टेक्सासवाला कुणी आलाच नाही. आता या आठवड्यात वर्तमानपत्रात आलंय, की अख्खी लीगच या वर्षी खेळणार नाही. बेल्मिरो दुपारी मासे भरायच्या कारखान्यात जातो. घरभाडं वेळेवर देतो, दारू पीत नाही, माझी कधी तक्रार नाही. पण रोज सकाळी खेळाची बॅग घेऊन निघायचा, आणि मी वेडी समजत होते, की सरावाला जातो.

एक दिवस डबा विसरला. म्हटलं नेऊन द्यावा. मैदानाला कुलूप, पण रखवालदार आमच्याच साँ मिगेल बेटाचा, त्याने आत सोडलं. गोलचे खांब कधीच काढून नेलेत. तुमचा भाऊ ते जिथे असायचे तिथे उभा होता, हातमोजे घालून. चेंडू नाही, समोर कुणी नाही. मध्येच एका बाजूला झेप घ्यायचा, उठायचा, पुन्हा जागेवर यायचा. मी हाक मारली नाही. डबा रखवालदाराजवळ ठेवला आणि रडत घरी आले.

संध्याकाळी मीच विषय काढला. म्हटलं, गावी का जात नाहीस? तो म्हणाला, की गावाने मला बँड लावून बोटीवर बसवलं होतं, आता काय सांगून उतरू? बहिणीला कळू देऊ नका, ती रोज क्लबसाठी प्रार्थना करते, तिला वाटेल आपलंच काही चुकलं.

मी माझं काम केलं. पुढचं तुम्ही बघा. ओळख नसतानाही हा लोभ मानून घ्या.

तुमची,
इदालीना मेदेयरोस


रिबेरा सेका
११ एप्रिल १९८५

चि. बेल्मिरो यास,
अ. उ. आ.

ईस्टर झाला. आता पेंटेकॉस्टला फार दिवस उरले नाहीत. तू विषय काढू नकोस म्हणालास, पण मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, काढणारच.

तुझा क्लब मोठा, तुझं काम मोठं, सगळं मान्य. पण मोठ्या क्लबातल्या माणसांना सुट्टी असते की नाही? मालकांना सांग, गावी बहीण एकटी आहे, तिच्या घरी मुकुट आहे, रस्सा ढवळायला माणूस नाही. हवं तर सांग आजारी आहे. तसं माझं गुडघेदुखीचं चालूच असतं, म्हणजे पाप लागणार नाही. नीट मागितलीस तर देतील. माणसंच आहेत ती.

आणि ग्वाल्तेरला मी नाही म्हणून सांगितलंय. त्याचं डोकं खरंच मोठं आहे, मुकुट त्यावर बसणार नाही.

खरं सांगू? मला मुकुटाचं एवढं नाही. सणानंतरच्या रविवारी तो दुसऱ्याच्या घरी जाईल. पुढची खोली रिकामी होईल, गुरुवारच्या बायका त्याच्यामागे जातील. मी वर्षभर त्याच्याशी बोलले रे. मिमोझाने लाथ मारली तरी त्याला सांगायचे. तो गेल्यावर मला या घराची भीती वाटते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा तू सणासाठी येऊ नकोस, माझ्यासाठी ये.

सुट्टीचं आजच विचार. लोभ वगैरे या खेपेला नंतर.

तुझी,
ताई


न्यू बेडफर्ड
६ मे १९८५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुट्टी मिळाली!

मालकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, ऐन हंगामात गोलकीपर कसा सोडू? मी तुझ्या गुडघ्यांचं वर्णन केलं, तेव्हा विरघळले. कोच तर दारापर्यंत सोडायला आला. माझ्या जागी तात्पुरतं एक तरुण पोर उभं करणार आहेत, बघू काय दिवे लावतं ते. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही, कारण कधी बोलावतील ते नक्की नाही.

दोना इदालीना बॅग भरताना सारख्या नाक पुसताहेत. का, ते कळत नाही, सर्दी झाली असावी.

टेर्सेराहून शनिवारच्या बोटीने येतो. बंदरावर गर्दी करू नकोस ताई. बँड तर मुळीच नको. भेटीत सगळं बोलू, तोवर हेच गोड मानून घे.

तुझा,
बेल्मिरो


रिबेरा सेका
५ जून १९८५

दोना इदालीना यांना,
स. न. वि. वि.

तो आला. तुम्ही विणलेला मफलर जूनमध्येही गळ्यात आहे.

तुम्ही लिहिलंत ते मी इथे कुणालाही सांगितलं नाही. पण लीग बंद पडल्याचं लिस्बनच्या रेडिओवर सांगितलं होतं, त्यामुळे गावाला सगळं आधीच ठाऊक. मला धास्ती होती ती ग्वाल्तेरची. तो बंदरावर सगळ्यांच्या पुढे उभा होता. बेल्मिरो उतरला, तेव्हा त्याने बॅग हातात घेतली आणि एवढंच विचारलं, की सुट्टी किती दिवसांची? बेल्मिरो म्हणाला, क्लब बोलावेपर्यंत. कॅफेत झुवेनालने तेच विचारलं, फादरनीही तेच विचारलं. सगळ्यांनी ऐकून माना डोलावल्या. जन्मात पहिल्यांदा मला ग्वाल्तेरचा मुका घ्यावासा वाटला.

चर्चमध्ये मुकुट ठेवला तेव्हा तो गुडघ्यांवर होता. त्याचे ते मोठे हात, कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. गाव पोटभर जेवलं. रस्सा थोडा खारट झाला, पण मुकुटवाल्याच्या घरी कुणी नावं ठेवत नाही.

गेल्या रविवारी मुकुट खालच्या आळीत गेला. आम्ही दोघं रिकाम्या खोलीत बसलो होतो. बेल्मिरोने टेबलावरचा आईचा कपडा घडी करून ठेवला. मग म्हणाला, ताई, सुट्टी वगैरे काही नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे. त्याने कुणाकडून ते विचारलं नाही. त्याने विचारलं ते वेगळंच, की तू मुकुटाकडे नेमकं काय मागत होतीस? खाली मान घालून विचारलं.

मी म्हटलं, तुझा क्लब राहू दे, हेच. ते खरंच होतं, दोना इदालीना. तुमचं पत्र येईपर्यंत रोज मागितलं. त्याने माझा हात हातात घेतला, म्हणाला, तुझं मागणं फुकट गेलं गं, आणि रडला. मी त्याला थोपटत राहिले. तो मोकळा झाला. मी झाले नाही. कारण बोटीच्या शिडीवरून तो उतरताना दिसला, तेव्हा माझं मागणं ऐकलं गेलं नाही याचा मला इतका आनंद झाला, की मला माझीच लाज वाटली. ही गोष्ट मी त्याला कधी सांगणार नाही. म्हणून तुम्हाला लिहिते.

तो अजून फारसा बोलत नाही. सकाळी समुद्राकडे तोंड करून ओट्यावर बसतो, हाक मारली की दचकतो. तिथे तो एकटा होता आणि इथे मी. आता दोन एकटी माणसं एका घरात आहेत. त्याला हे पुरेल का, ठाऊक नाही. मला पुरतं.

तुमच्याकडची त्याची खोली भाड्याने देऊन टाका.

तुमचीच,
देओलिंदा